दगडांचं गोल आहे, खापरं आहेत, मग हाडं कुठं गेली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपूर–काटोल रस्त्याच्या बाजूला एका वावरात, धुऱ्याला लागून, मोठाल्या काळ्या दगडांचं साधारण बारा मीटर व्यासाचं गोल आहे. नांगरटीत त्यातले दोन दगड उलटले. खाली काळ्या-तांबड्या खापरांचे तुकडे आणि गंजून फुगलेलं लोखंड निघालं, पण हाडाचा मागमूस नाही. गावातली जुनी माणसं या गोलांचा संबंध गवळ्यांशी लावतात. मग ही थडगी की गोठे? थडगी असतील तर माणूस कुठं आहे? मृतदेह जाळत होते का?

थडगीच आहेत. दगडांचं गोल, काळी-तांबडी खापरं आणि लोखंड हे तिन्ही एका जागी सापडणं ही विदर्भातल्या महापाषाणीय, म्हणजे मोठाले दगड रचून केलेल्या, दफनांची ओळखच आहे. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. नागपूरच्या भोवती जुनापाणी, महुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमहारी, हिंगण्याकडचं रायपूर, बोरगाव अशी ही ठिकाणं पसरलेली आहेत. शोधही जुना आहे. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटच्या वर्तुळांचं काम पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. जुनापाणीत एकोणिसाव्या शतकातच ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी वर्तुळं उकलली होती. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तिथं शिस्तीत उत्खनन केलं. त्यानंतर शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे टाकळघाट-खापा आणि महुरझरी खणलं. आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं या कामातून आलेलं आहे.

गवळ्यांची आठवणही मी उडवून लावणार नाही. या लोकांकडे गुरं होती, घोडे होते, आणि त्यांची वर्तुळं बहुतेक चराऊ माळावर, पाण्याजवळ आहेत. नाव नंतर चिकटलेलं आहे, पण माळ बघून कुणालाही जनावरं पाळणारी माणसं आठवावीत हे स्वाभाविक आहे.

तुमच्या प्रश्नातली ‘हाडं नाहीत’ ही गोष्ट मात्र मी लगेच मान्य करत नाही. हाडं नसण्याची तीन कारणं असू शकतात: ती पूर्ण ठेवलीच नव्हती, ठेवली होती पण मातीनं मोडली, किंवा आहेत पण ओळखू आली नाहीत. ही तीन कारणं वेगळी केल्याशिवाय दफनाच्या रीतीबद्दल काहीच बोलता येत नाही.

आधी वर्तुळ बांधलं कसं ते बघू, कारण शोधायचं कुठं हे त्यावर ठरतं. बहुतेकांची समजूत अशी असते की मधोमध खोल खड्डा आणि त्यात मृतदेह. विदर्भात तसं सहसा नसतं. दक्षिणेत दगडी फरशांच्या पेट्या करून त्यात दफन केलेलं आढळतं, तशा पेट्याही इथं फार नाहीत. मूळ जमीन थोडी खरवडून, फार तर उथळ खळगा करून, त्यावर मृत आणि त्याच्यासोबतच्या वस्तू ठेवत. वर काळी चिकट माती घालत, मातीवर दगडगोट्यांचा ढीग रचत, आणि भोवती मोठे दगड एकमेकांना खेटून बसवत. त्यामुळं मानवी अवशेष सापडतात ते गोट्यांच्या थराखाली आणि मूळ मुरमाच्या वर, काळ्या मातीत. सगळं मधोमधच असेल असंही नाही. भांड्यांचा गठ्ठा एका अंगाला, लोखंड दुसऱ्या अंगाला, हाडं तिसरीकडे असं सर्रास असतं.

याला किती कष्ट पडत असतील याचा हिशोब तुमच्याच वर्तुळावर करून पाहा. बारा मीटर व्यास म्हणजे सुमारे ११३ चौरस मीटर जागा. माती आणि गोटे मिळून सरासरी अर्धा मीटर भराव धरला तर ५६ घनमीटर, म्हणजे ९० टनांच्या आसपास. डोक्यावरच्या टोपलीत वीस किलो धरले तर साडेचार हजार खेपा. परीघ जवळजवळ ३८ मीटर, म्हणजे एकेक मीटरचे पस्तीस-चाळीस दगड, आणि बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या खडकाचा, तसा एक दगड सात-आठशे किलोला सहज जातो. हे एका घराचं काम नव्हे आणि एका दिवसाचंही नव्हे. माणूस मेला की लगेच एवढं बांधून होत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं ती लागेल.

आता ओळखण्याबद्दल. काळ्या मातीतलं अडीच हजार वर्षांच्या आसपासचं हाड चित्रातल्यासारखं पांढरं, लांब नसतं. त्यावर चुनखडीचा राखाडी, खडबडीत लेप चढलेला असतो, आणि ते हातात घेतलं तर चुन्याचा खडा वाटतो. शेतकरी तो रोज फेकतो. फरक बघायचा तर तुटलेल्या तोंडाकडे पाहा: चुनखडीचा खडा आतून एकसारखा किंवा थरथरांचा असतो, हाडाच्या तोंडाशी बाहेरची घट्ट भिंत आणि आतली स्पंजासारखी जाळी दिसते. लेप काढायला लिंबू, ॲसिड, शिरका असलं काही लावू नका. हाडाचा खनिज भागही त्यात विरघळतो. बांबूची टोकदार काडी आणि मऊ ब्रश, एवढंच.

त्याहून महत्त्वाचे दात. शरीरातला सगळ्यात टणक भाग म्हणजे दातावरचं इनॅमल. हाड पार पीठ झालं तरी ते टिकतं. पण आतला भाग नाहीसा झालेला असतो, म्हणून उरतं ते नखाएवढं, पोकळ, चकचकीत टोपण. शिंपल्याचा तुकडा समजून लोक ते सोडून देतात. प्रौढ माणसाचे ३२ दात. यातली चार-पाच टोपणं एका हातभर जागेत मिळाली तर तिथं डोकं होतं असं धरायला हरकत नाही. आणि त्या इनॅमलमधल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून तो माणूस लहानपणी कुठल्या खडकाच्या प्रदेशात वाढला हेही तपासता येतं. म्हणून ‘हाड नाही’ असं म्हणण्याआधी दात शोधले का, हे मी नेहमी विचारतो.

मातीकडे वळू. आपल्याकडची भारी काळी जमीन रासायनिक दृष्ट्या हाडाची वैरी नाही. ती आम्ल नसते, उलट किंचित अल्कलीच असते. नुकसान होतं ते हालचालीनं. पावसात ती फुगते, चैत्र-वैशाखात आकसून भेगाळते, भेगा चार-पाच सेंटीमीटर रुंद आणि मीटरभर खोल जातात. हे वर्षातून एकदा, दोन-अडीच हजार वर्षं. मांडीच्या हाडाचेही त्यात तुकडे होतात, आणि ते तुकडे एकमेकांपासून सरकतात. दुसरा घोटाळा असा की वरच्या थरातलं खापर, मणी, बांगडीचा तुकडा भेगेतून थेट खाली हाडाशेजारी जाऊन बसतो. म्हणून हाडाशेजारी काचेच्या बांगडीचा तुकडा मिळाला म्हणून दफन त्या बांगडीच्या काळाचं ठरत नाही. खणताना भेगेची माती भुसभुशीत लागते आणि रंगानं थोडी वेगळी असते. ती आधी, वेगळ्या पिशवीत काढायची. हे केलं नाही की पुढचे सगळे निष्कर्ष गढूळ होतात.

तरी एक जागा अशी असते जिथं हाड हमखास टिकतं: तांब्याच्या वस्तूलगत. तांब्याचे क्षार जिवाणूंना मारतात, हाड हिरवं पडतं, पण उरतं. कड्याखालचं मनगट, घोड्याच्या तोंडावरच्या तांब्याच्या पत्र्याखालचं कवटीचं हाड, कधी दोऱ्याचा तंतूही. हिरवा डाग दिसला की खुरपी बाजूला ठेवून ब्रश हातात घ्यायचा.

आता रीत. पूर्ण देह पुरला होता की आधी कुठं ठेवून, मांस गळाल्यावर निवडक हाडं आणून ठेवली, हे ओळखायला हाता-पायांकडे बघतात. प्रौढ शरीरात २०६ हाडं. त्यातली ५४ दोन हातांत, ५२ दोन पावलांत, म्हणजे निम्म्याहून जास्त. देह कुजताना बोटांचे सांधे फार लवकर सुटतात, कंबरेचे आणि गुडघ्याचे उशिरा. बोटांची हाडं जागच्या जागी, ओळीत मिळाली तर देह ताजा असतानाच तिथं ठेवला होता. कवटी, मांड्या, दंड अशी मोठी हाडं जुडीसारखी आणि बोटं-मणके नाहीतच, तर ती हाडं दुसरीकडून आणलेली. ताज्या देहाबरोबर सगळं येतं, उचलून आणताना लहान हाडं मागं राहतात.

पण इथंच सगळ्यात मोठी चूक होते. बोटाचं शेवटचं हाड ज्वारीच्या दोन-तीन दाण्यांएवढं असतं. माती चाळली नसेल तर ते मिळणारच नाही, आणि मग प्रत्येक दफन ‘हाडं आणून ठेवलेलं’ वाटेल. माझं स्पष्ट मत आहे की ज्या उत्खननात माती चाळल्याची नोंद नाही, तिथला असा निष्कर्ष कच्चा धरावा, मग खणणारा कितीही मोठा असो. चाळायचं म्हणजे कोरडं नव्हे. काळ्या मातीची ढेकळं कोरड्या चाळणीवर नुसती लोळतात. ती आधी उन्हात पूर्ण वाळवायची, मग पाण्यात टाकायची. ओलसर ढेकूळ भिजत घातलं तर आतून तसंच घट्ट राहतं, कडक वाळलेलं मात्र पाणी लागताच फुटून पसरतं. मग दोन मिलिमीटरच्या जाळीवर हलक्या धारेनं धुवायचं, आणि बारीक मण्यांसाठी खाली एक मिलिमीटरची दुसरी जाळी. डीएनएसाठी मातीचा किंवा हाडाचा नमुना हवा असेल तर तो धुण्याआधी, हातमोजे घालून, वेगळा काढायचा. कवटीत कानाजवळचं घट्ट हाड त्यासाठी सगळ्यात चांगलं, तरी आपल्या उन्हाच्या प्रदेशात यश कमीच येतं.

विदर्भातलं चित्र एकसुरी नाही. काही ठिकाणी आडवा झोपवलेला सांगाडा मिळतो, पुष्कळ वर्तुळांत थोडीच, तुटक हाडं, आणि कधी एकाच वर्तुळात एकाहून जास्त माणसं. मला यातून असं दिसतं की वर्तुळ म्हणजे लांबलेल्या विधीचा शेवटचा टप्पा होता. आषाढात मेलेल्या माणसासाठी भर चिखलात नव्वद टन माती-दगड कोण वाहणार? नदीपात्रातली चिकट माती मोकळी होते ती उन्हाळ्यात, हात रिकामे असतात तेही उन्हाळ्यात. तोवर मृतदेह दुसरीकडे ठेवणं, आणि मग भावकी जमली की हाडं आणून वर्तुळ बांधणं, यात व्यवहारही आहे आणि मृताची काळजीही. मारिया गोंडांमध्ये मृतांच्या नावानं दगड उभे करण्याची रीत नोंदलेली आहे. तिच्यावरून दगडात माणसाची आठवण कशी धरतात हे समजतं, पण ती थेट अडीच हजार वर्षांमागं जोडून देऊ नये, मधल्या काळाचा धागा आपल्या हातात नाही.

जाळण्याबद्दल. जळलेलं हाड रंगावरून कळतं: कमी आचेवर तपकिरी-काळं, मग राखाडी-निळसर, साधारण ७०० अंशांच्या पुढं खडूसारखं पांढरं. मांसासकट जळालेल्या हाडावर आडव्या, नखाच्या कोरीसारख्या वाकड्या भेगा पडतात, सुकं हाड जाळलं तर भेगा लांबीच्या दिशेनं जातात. प्रौढ माणसाच्या दहनानंतर दीड ते तीन किलो हाड उरतं, त्यामुळं मूठभर जळकं हाड मिळालं तर ते पूर्ण दहन म्हणून मोजू नये. काळ्या मातीत आणखी एक फसवणूक आहे. मातीतलं मॅंगनीज हाडावर काळा डाग पाडतं आणि ते हुबेहूब जळल्यासारखं दिसतं. एक जुना तुटलेला कोपरा पाहायचा: डाग फक्त पृष्ठभागावर असेल आणि आत हाड पिवळसर असेल तर ते मॅंगनीज, आतपर्यंत काळं असेल तर आग. तुमच्याकडे राख किंवा कोळसा दिसलाय असं तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा दहनाचा तर्क सध्या बाजूलाच ठेवा.

घोड्याचा उल्लेख वर आला. महुरझरी, नायकुंड, जुनापाणी अशा ठिकाणी माणसाबरोबर घोड्याचे अवशेष मिळाले आहेत, आणि लोखंडी लगाम, तोंडावर बांधायचे तांब्याचे अलंकारही. महुरझरीच्या घोड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा अभ्यासकांनी नोंदल्या आहेत, म्हणजे तो मालकाबरोबर मारून ठेवला असावा. मोठे, उंच कडांचे दात मिळाले तर ते गुराचे की घोड्याचे हे प्राणितज्ज्ञाकडून तपासून घ्या, वर्तुळाचा अर्थ त्यावरून बदलतो.

तुम्हाला मिळालेलं गंजकं लोखंड लांबट, चपटं असेल आणि त्यावर फुलीसारख्या दोन पट्ट्या दिसत असतील, तर ती कुऱ्हाड. विदर्भाची ही खास वस्तू. पात्याला दांडा बसवून तो लोखंडी पट्ट्यांनी फुली मारून आवळत. लाकूड कुजलं, पट्ट्या जागेवर गंजून राहिल्या. पट्ट्यांसकट पातं मिळणं म्हणजे कुऱ्हाड दांड्यासकट, वापरायच्या तयारीत, मृताजवळ ठेवली होती. आणि त्या गंजाकडे नीट पाहा. पट्टीच्या आतल्या बाजूला बारीक समांतर रेघा असतात. तो दांड्याच्या लाकडाचा रेषा आहे, लोखंडाच्या क्षारांनी तो जसाच्या तसा धरून ठेवला आहे. कधी तिथं कापडाची वीणही उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरून कधी झाडाचा प्रकारसुद्धा ठरवता येतो. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश मारला की हे सगळं पाच मिनिटांत जातं आणि हातात फक्त एक चकचकीत पातं राहतं. लोखंड कोरडं ठेवा, कागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओलं कोंडू नका.

खापरं धुऊ नका. आतला काळा आणि बाहेरून खाली तांबडा रंग हा भांडं उपडं ठेवून भाजल्यामुळं येतो: तोंडाकडच्या भागाला हवा मिळत नाही, बुडाला मिळते. पण मोल खापरापेक्षा आतल्या मातीला जास्त आहे. मृताला काय वाढलं होतं त्याचे दाणे, वनस्पतींचे सूक्ष्म कण, तेलाचा अंश त्या मातीत असतो.

तुलनेसाठी एक गोष्ट सांगतो, कारण ‘प्राचीन लोक असं करायचे’ असं एकच वाक्य सगळीकडे ऐकू येतं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला, आपल्या वर्तुळांच्या आधीच्या ताम्रपाषाण काळात, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरात असताना, मृत घरातच पुरत. मूल असेल तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात, घराच्या जमिनीखाली. प्रौढाला उत्तर-दक्षिण आडवं झोपवून, घोट्याखालची पावलं तोडून. एका प्रौढ पुरुषाला तर चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून. तिथं मृत घरात राहतो, इथं तो वस्तीबाहेर माळावर जातो. महाराष्ट्रातच काही शतकांच्या अंतरानं एवढा फरक आहे.

तुमच्या दगडांवर एकदा सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना नजर टाका. जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे कोरलेले खळगे आहेत, आणि ते ठरावीक दिशांना असल्याचं काही संशोधकांनी मांडलं आहे. बेसॉल्टमध्ये नैसर्गिक भोकंही असतात, पण ती लहान-मोठी आणि कशीही विखुरलेली. कोरलेले खळगे एका मापाचे आणि ओळीत. सापडले तर त्या दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्रानं लिहून ठेवा.

पुढचं काम तुम्ही स्वतः खणून करू नका. परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, आणि जमिनीतून निघालेल्या जुन्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारक आहे. जिल्ह्यातली अनेक वर्तुळं केंद्रीय संरक्षित आहेत. तुमचं त्यात येतं का ते पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडे विचारा, कारण संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते. वस्तू ओळखायला विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभाग आहे, आणि अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, या काळातल्या वस्तू डोळ्यांनी पाहता येतील. तोवर प्रत्येक दगडाचा क्रमांक टाकून, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या, एक साधा आराखडा काढा, आणि वर्तुळाच्या बाहेर तीन मीटर वखर-नांगर नेऊ नका. बाहेरच्या अंगालाही भांडी ठेवलेली असू शकतात.

उलटलेले दोन दगड परत बसवायचा मोह होईल, तोही टाळा. त्यांच्या खालच्या खळग्यांत मूळ बैठकीचा ठसा आहे. तिथं गोणपाट अंथरून वर स्वच्छ नदीची वाळू भरा, म्हणजे पुढं खणणाऱ्याला कुठपर्यंत हात लागला होता ते कळेल. जे दगड अजून जागेवर आहेत त्यांना हलवू देऊ नका. दगड बसवला त्या दिवशी त्याच्याखालच्या मातीनं शेवटचा उजेड पाहिला, आणि त्या मातीच्या कणांवरून प्रयोगशाळेत तो काळ मोजता येतो. दगड उचलून दिवसाउजेडी दोन मिनिटं जरी खाली डोकावलं, तरी वरच्या कणांतली ती नोंद पुसली जाते.